एकशे सतराचं मत

बाबा, काल संध्याकाळी माझा नातू आणि त्याचा मित्र पुढच्या खोलीत बसून भांडत होते. जगात सगळ्यात मोठा फलंदाज कोण, यावरून. दोघांच्या हातात फोन. एक जण सरासरी वाचायचा, दुसरा शतकं वाचायचा, मग दोघे मिळून एकच फटका मागेपुढे करून बघायचे. दहा मिनिटांत वाद संपला आणि खायला काय आहे असं विचारत ते स्वयंपाकघरात आले. मला त्यांची थोडी कीव आली. आपला वाद सहा-सात वर्षं पुरला होता, आणि त्यात पडलेल्या एकाही माणसाने त्या दोन फलंदाजांपैकी एकालाही हातात बॅट धरलेलं पाहिलं नव्हतं. नातवाने ओट्यावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि त्यातली पितळेची गोल चकती चिमटीत धरून विचारलं, "आजी, हे काय आहे?" मी म्हटलं, "माझं मतदान कार्ड." तो हसला. मी गंमत करत नव्हते हे तुम्हाला कळलं असतं.

खाणीच्या लॅम्परूमची, दिवे ठेवायच्या खोलीची, खिडकी मला अजून दिसते. कमरेएवढ्या उंचीची, खालच्या लाकडाला मँगनीजचा काळा चकाकता थर. पहाटे सहाला तुम्ही त्या खिडकीत उभे राहता. माणूस येतो, आपला पितळी बिल्ला आत सरकवतो, तुम्ही त्याच नंबरचा दिवा त्याच्या हातात देता. तो दिवा हेल्मेटला लावून केजकडे जातो, ज्या लोखंडी पाळण्यातून माणसं जमिनीखाली उतरत त्या पाळण्याकडे. कोणाला तुम्ही जयभीम म्हणता, कोणाला रामराम, आणि प्रत्येकाच्या दिव्याची वायर एकदा बोटांनी चाचपून मगच तो देता. मागच्या भिंतीवर दिव्यांची मांडणी, प्रत्येक दिव्याच्या जागेखाली एक खिळा. दिवा गेला की खिळ्यावर बिल्ला. दिवा परत आला की बिल्ला माणसाच्या खिशात. बिल्ला इथे आणि दिवा जागेवर नाही, याचा अर्थ एकच होता, आणि तो तुम्ही मला मी पाचवीत असताना शिकवला होता: तो माणूस खाली आहे. छताचा दगड पायावर पडून तुमचा गुडघा कायमचा वाकडा झाला तेव्हा तुम्हाला खालून वर आणून या खिडकीत बसवलं. दुसरं बैठं काम खाणीत नव्हतं. ही खिडकी गेली तर ढिगाऱ्यावर दगड उचलणं किंवा घरी बसणं, हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं. तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाही. तुम्ही एवढंच म्हणायचे, "माह्या खिळ्यानं आजपावतो खोटं सांगितलं नाई."

रेडिओ तुमच्या मेजावर असायचा, वर आईने शिवलेली खोळ. खाली रेडिओ लागत नाही. त्यामुळे सामना असला की दुपारी पहिल्या पाळीची माणसं वर येताना केजमधूनच ओरडत यायची, "काय झालं? कोण आहे?" आणि तुम्ही खिडकीत हात पुढे करून उभे. "आधी दिवा, मग स्कोअर." हा तुमचा नियम. दिवा हातात पडल्याशिवाय तुम्ही एक धाव सांगत नव्हता. एरवी दिवे परत यायला पाऊण तास लागायचा, कोणी विडी पीत बसायचा, कोणी नळावर. सामन्याच्या दिवशी दहा मिनिटांत सगळे दिवे जागेवर आणि सगळे खिळे रिकामे. मॅनेजर साहेबांनी एकदा विचारलं म्हणे, हे कसं जमवता? तुम्ही सांगितलं, "साहेब, शिस्त."

मी तेव्हा तुमसरच्या कॉलेजात बी. ए. करत होते. कंपनीची बस मला दोनच्या सुमाराला खाणीच्या फाटकाशी सोडायची आणि मी घरी न जाता लॅम्परूममध्ये यायचे, कारण तिथे माझी गरज असायची. रेडिओवर थोडा वेळ हिंदी कॉमेंटरी, थोडा वेळ इंग्रजी. हिंदी चालू असताना सगळे तज्ज्ञ. इंग्रजी सुरू झालं की सगळे माझ्या तोंडाकडे बघत. "काय म्हणून रायला तो?" मी सांगायचे. तो म्हणतो, चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर होता, फलंदाजाने सोडून दिला. तुम्ही मान हलवायचे, जणू तो चेंडू सोडायचा सल्ला तुम्हीच दिला होता.

तुमचा माणूस मुंबईचा सलामीवीर. कॉलनीत त्याला 'आपला' म्हणत. समोरचा वेस्ट इंडिजचा, तिसऱ्या नंबरवर येणारा, तो 'त्यांचा'. नावं घ्यायची गरजच पडत नसे. 'त्यांच्या'च्या बाजूचे पुढारी म्हणजे केज चालवणारे काका, इंजिनघरात बसून दोन दांड्यांवर शंभरेक माणसांचा जीव वरखाली करणारे. ते आपल्या क्वार्टरच्या भिंतीपलीकडे राहत. तुम्ही आणि ते एकाच दिवशी खाणीत लागलेले. रोज पाळी सुटली की ते हात पुसत यायचे आणि दारातूनच सुरुवात करायचे.

"काय भाऊ, तुहा माणूस अजून आहे का? का झोपला पिचवर?"

"आहे. साठ चेंडूत अकरा."

"बापा! अकरा! मंग तं आपल्याले संध्याकाळची भाकर खाऊन यावं लागंल."

"खाऊन ये. आलास की बारा झालेले असतील."

तुमचं म्हणणं साधं होतं. जो शेवटी आपल्या पायांनी चालत परत येतो तो मोठा. फटका कोणीही मारतो. नाबाद येणं, हे काम आहे. काका म्हणायचे, खेळायला उतरला आहे का पेन्शनले? त्यांचा माणूस मैदानात येतो तेव्हा बॉलरच्या पोटात गोळा येतो. "च्युइंग गम चघळत येते तो, जसं सासरी आला. अन् डोक्यावर हेल्मेट नाई!" इथे तुम्ही एकदम धंद्याचे माणूस व्हायचे. "हेल्मेट नाई म्हणून मोठा? माह्या खिडकीतून एक माणूस बिना हेल्मेटचा जाऊन दाखव. मी त्याले दिवा देईन का?" काका विचारायचे, "अन् आपला घालते का?" तुम्ही रेडिओकडे बघायचे. "घालतच असंल. समजदार माणूस आहे." रेडिओवर डोकं दिसत नाही, त्यामुळे हा मुद्दा वर्षानुवर्षं तसाच राहिला.

आई दिवसभर खाणीबाहेर बायकांच्या ओळीत बसून मँगनीजचे दगड निवडायची. संध्याकाळी चुलीपुढे बसली की भिंतीपलीकडून काकांचा आवाज आणि अलीकडून तुमचा, मध्ये वांग्याची भाजी शिजते आहे. एकदा तिने रिकाम्या गुंडाकडे, पाण्याच्या हंड्याकडे, पाहिलं, उलथनं भिंतीवर आपटलं आणि दोघांना ऐकू जाईल असं विचारलं, "त्या दोघातला एक तरी घरी दोन गुंड पाणी भरते का?" मग भिंतीपलीकडून काका म्हणाले, "वयनी, आपला भरंल. पण एक गुंड आणाले दिवस लावंल." तुम्ही हसू दाबत भात कालवत होता. भात कालवताना तुमच्या बोटांच्या रेघांमधला काळा रंग पांढऱ्या भातावर उठून दिसायचा. तो कशानेच जात नसे.

मग तो हिवाळा आला ज्यात वेस्ट इंडिजचा संघ इकडेच खेळायला आला होता. म्हणजे आपला आणि त्यांचा एकाच मैदानावर, एकाच रेडिओत. कॉलनीचे सरळ दोन भाग झाले. कँटीनमध्ये वेगळी बाकडी. एकशे सतरा नंबरवाल्या आसगावच्या गड्याने आपल्याचा वर्तमानपत्रातला फोटो कापून हेल्मेटच्या आत चिकटवला होता आणि तो तुमच्यापेक्षाही कट्टर होता. सामन्यात तेव्हा मधे एक दिवस सुट्टीचा असायचा. खेळाडू आराम करत आणि आमच्याकडे भांडणं वाढत, कारण ऐकायला काही नसे. अशाच एका सुट्टीच्या दिवशी काका म्हणाले, "रोजची कटकट कायले? एकदाचं मतदान घे." आणि तुम्ही, ज्याने कधी एक खिळा वाकडा ठोकला नव्हता, हो म्हणालात.

व्यवस्था तुमचीच होती. मेजावर दोन हेल्मेटं उलटी ठेवली. डावं आपल्याचं, उजवं त्यांचं. पाळी सुटल्यावर माणसाने दिवा द्यायचा, स्वतःचा बिल्ला घ्यायचा आणि दाराने आत येऊन कोणत्यातरी एका हेल्मेटात टाकायचा. बिल्ले रात्रभर तिथेच राहतील, सकाळी ज्याचे त्याने न्यायचे. मी रोजच्यासारखी बसले होते. मी विचारलं, "अन् मी कुठे टाकू?"

तुम्ही दिव्यांकडे बघत होता. "काय?"

"माझं मत."

इंजिनघर दुसऱ्या पाळीच्या माणसाकडे सोपवून आलेले काका हसले. तुम्ही हसला नाहीत, हे मला आठवतं. तुम्ही समजावणीच्या सुरात म्हणालात, "बिल्ला नाई तं मत नाई, बाई. जो खाली उतरते त्याचं मत."

"अर्धी कॉमेंटरी तर माझ्या तोंडून ऐकता तुम्ही सगळे."

"सांगणारा सांगते. मत देणारा देते."

"आईलाही नाही?"

"तुही माय तं दोघालेही पाणी भराले लावंल," काका म्हणाले आणि बाहेर केजची घंटा झाली. माणसं वर आली होती. तुम्ही खिडकीकडे वळलात. पाठ माझ्याकडे, हात बाहेर. आधी दिवा.

मेजाच्या खणात रजेवर गेलेल्यांचे बिल्ले असायचे. मी खण ओढला. विचार केला असं म्हणता येणार नाही. वर जो होता तो उचलला, त्यावरचा आकडा वाचला, हेल्मेटात टाकला आणि खण बंद केला. पितळेवर पितळ पडल्याचा आवाज झाला. तेवढ्यात पहिला माणूस दारातून आत येऊन आपला बिल्ला टाकत होता, त्यामुळे दोन आवाज झाले आणि एकच मोजला गेला. आकडा एकशे सतरा होता. आसगावचा गडी धानाच्या चुरण्यासाठी, मळणीसाठी, आठ दिवसांच्या रजेवर गावी गेला होता.

काही जण मत न देताच अंघोळीला गेले. बाकीच्यांची मोजणी तुम्ही आणि काकांनी मिळून केली, हेल्मेटं मेजावर पालथी घालून, बोटाने एकेक बिल्ला सरकवत. आकड्यांकडे बघायचं नाही असं ठरलं होतं, म्हणजे कोणाचं मत कुठे गेलं ते कळायला नको. तुमच्या बाजूला अडतीस. काकांच्या बाजूला अडतीस. पुन्हा मोजलं. अडतीस, अडतीस. दारात उभी असलेली सगळी माणसं एकदम ओरडली आणि मग हसायला लागली. काका कपाळावर हात मारून म्हणाले, "याच्या नादाले लागलं की मतदानही ड्रॉ होते." तुम्ही इतके खूष झालेले मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. सामना वाचवला होता तुम्ही. घरी जाताना तुमचा वाकडा पाय त्या दिवशी जरा कमी लंगडत होता, किंवा मला तसं वाटलं.

आपण चहा पीत होतो तेव्हा भोंगा झाला. पाळीचा नव्हे, लांबलचक, न थांबणारा. आईच्या हातातली कपबशी तशीच राहिली. तुम्ही चपला न घालता निघालात आणि मी मागे. फाटकाशी बायका जमायला लागल्या होत्या. प्रत्येक जण कोणाचा नंबर हेच विचारत होता. दुसऱ्या पाळीचा लॅम्परूमवाला, नुकताच लागलेला एक टापटिपीचा मुलगा, खिडकीत पांढरा पडून उभा होता. त्याने फक्त चांगलं काम केलं होतं. मोजणीनंतर मेजावर राहिलेले बिल्ले सकाळी शोधायला नकोत म्हणून एकत्र करून त्याने एकेक बिल्ला त्या त्या दिव्याखालच्या खिळ्यावर लावला. पहिल्या पाळीचे सगळे दिवे जागेवर. एका खिळ्यावर दिवा नव्हता. बिल्ला आहे, दिवा नाही. त्याला तुम्ही शिकवलेला अर्थ एकच होता. त्याने भोंगा दाबला.

"एकशे सतरा," तो म्हणाला. "पहिल्या पाळीचा एकशे सतरा खाली राहिला."

मला माझ्या पायांखालची जमीन आठवते, काळी, बारीक खडीची. तुम्ही शांतपणे मॅनेजर साहेबांना सांगितलं की एकशे सतरा रजेवर आहे आणि त्याचा दिवा बॅटरी गेली म्हणून तुम्हीच वीजघरात दुरुस्तीला पाठवला आहे. साहेबांनी विचारलं, "मग बिल्ला खिळ्यावर कसा आला? खण कोणाच्या ताब्यात असतो?" तुम्ही मेजाकडे पाहिलं. दोन पालथी हेल्मेटं अजून तिथेच होती. मग तुम्ही वळून गर्दीकडे पाहिलं, आणि गर्दीत माझ्याकडे. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, बाबा. पण तुम्ही आधी बोललात. "माह्या ताब्यात असते, साहेब. माह्याच हातून झालं असंल."

भोंगा झाला की सगळे मजले बघावे लागतात, मग कोणी रजेवर असो नाहीतर घरी. तुम्ही म्हणालात, मीही उतरतो. काकांची पाळी संपलेली, पण तेच इंजिनघरात जाऊन बसले. माझ्याजवळून जाताना थांबले. "रडू नको. तुह्या बापाले असा उतरवतो की पेल्यातला चहा हलनार नाई." मी रडत नव्हते. मी मनात वाक्य तयार करत होते, आणि प्रत्येक वाक्य 'मी' या शब्दापाशी येऊन थांबत होतं. दहा वर्षांनी तुम्ही पहिल्यांदा खाली गेला होता आणि एका अशा माणसाला हाका मारत होता जो तिथे नाही हे तुम्हाला माहीत होतं. सव्वा तासाने केज वर आली. तुमच्या कपाळावर दिवा, गुडघ्यापर्यंत चिखल. तुम्ही त्या नव्या मुलाच्या हातात दिवा दिलात, आपला बिल्ला मागून घेतलात आणि म्हणालात, "खाली कोणी नाई. पण आवाज मस्त घुमते." आधी बायका हसल्या. मग सगळे.

आसगावचा गडी चार दिवसांनी आला, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. त्याला फाटकातच सगळं कळलं. "मले शोधलं? सगळ्या मजल्यावर? अन् मी तिकडं चुरण्यावर बैलं हाकून रायलो होतो!" त्याला राग आला नाही. उलट तो एकदम मोठा माणूस झाला. कँटीनमध्ये कोणी विचारायचं, काय गा, तू आसगावात अन् तुहं मत इथं? तो छाती काढून सांगायचा, "आपलं मत आपल्यालेच. मी नसलो तरी जाते." आणि इथेच तुमची अडचण झाली. एकशे सतरा आपल्याचा कट्टर, हे सगळ्यांना माहीत. म्हणजे ते मत डाव्या हेल्मेटात पडलं असणार. म्हणजे ते काढून टाकलं तर तुमची बाजू सदतीस. म्हणजे तुम्ही हरत होतात आणि खण तुमच्याच ताब्यात. काकांनी ते सगळ्यांपुढे, हसत हसत, बोलून दाखवलं. "अरे, हरला असता तं मी काय खाल्लं असतं का तुले? रजेवरचा माणूस उठवून आणला मताले!"

तुम्ही दिवे पुसायला घेतलेत. ज्याच्या खिळ्याने कधी खोटं सांगितलं नव्हतं तो माणूस त्या दिवसापासून कॉलनीत मत चोरणारा झाला, प्रेमाने, चेष्टेने, पण झाला. काका रोज सकाळी खिडकीपाशी थांबून विचारायचे, "काय भाऊ, एकशे सतरा बरा आहे ना?" आणि तुम्ही म्हणायचे, "बरा आहे. तुले विचारत होता."

ऑफिसातून खुलासा मागणारा कागद आला. तुम्हाला लॅम्परूममधून का हलवू नये, असं त्यात होतं. आईने तो कागद दिव्याखाली धरून पाहिला, तिला वाचता येत नव्हतं तरी. उत्तर मी लिहिलं. तुम्ही पाटावर बसून सांगत होता, मी ओट्याशी बसून लिहीत होते. रजेवरच्या कामगाराचा बिल्ला माझ्या देखरेखीखाली असताना माझ्या नजरचुकीने इतर बिल्ल्यांत मिसळला. तुम्ही म्हणालात, 'नजरचुकीने' हा शब्द चांगला आहे, राहू दे. माझं अक्षर तुम्हाला आवडायचं. तुम्ही कागदाखाली सही केलीत, आणि मी माझ्या हाताने लिहिलेल्या खोट्याखाली तुमचं खरं नाव वाळत राहिलं. साहित्याच्या वर्गात मी त्याच आठवड्यात लेखकाच्या प्रामाणिकपणावर निबंध लिहून पहिला नंबर मिळवला होता.

तुम्हाला तीन दिवस घरी बसवलं आणि लेखी ताकीद दिली. खिडकी राहिली. ते तीन दिवस तुम्ही घरात दोन गुंड पाणी भरलंत. आई भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं म्हणाली, "आपला भरते बरं का!"

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही कामावर जाताना मला बसपर्यंत सोडायला आलात. फाटकाच्या अलीकडे बेहड्याचं झाड होतं तिथे थांबलात. तुम्हाला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, त्या गर्दीत माझ्याकडे पाहिलं तेव्हापासून. तुम्ही आवाज चढवला नाही. "बाई, बापाले जिंकवाले असं नाई करू. हरलो असतो तं हरलो असतो. माह्या खिळ्यावर खोटा बिल्ला लागला, ते मले जास्त लागलं." मी मान खाली घातली. बस आली. तुम्ही पुन्हा म्हणालात, "माह्यासाठी केलं, ते समजते मले." आणि तुमचा चेहरा रागावलेला नव्हता. त्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मी बसमध्ये चढले आणि काही बोलले नाही.

पुढच्या महिन्यात तुम्ही वर्कशॉपमधून तो बिल्ला करून आणलात. नवी पितळ, कडा कानशीने घासलेल्या, वर भोक, आणि नंबराची जागा कोरी. जेवताना ताटाशेजारी ठेवलात. "हे घे. आता मत दे. पण पुढच्या वेळी उघड टाक." आईने विचारलं, तिला का? तुम्ही म्हणालात, "इंग्रजी तिलेच येते."

पुढची वेळ आली नाही. वर्ष-दोन वर्षांनी कॉलनीच्या क्लबात टीव्ही आला. पहिल्या दिवशी तुम्ही आणि काका शेजारी शेजारी बसला होता. आपला फलंदाजीला आला तेव्हा तुम्ही पुढे वाकलात, बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "एवढासाच आहे?" मग उठून टीव्हीचा आवाज बंद केलात आणि रेडिओ लावलात. रेडिओवर तो पुन्हा मोठा झाला. काकाही कुरकुरले नाहीत. मी नोकरी लागून गेले तेव्हा दोघेही मला वरठीला गाडीत बसवायला आले होते. फलाटावर माझ्या ट्रंकेवर बसून दोघांनी गाडी येईपर्यंत तोच वाद घातला, आणि गाडी सुटताना हात हलवायच्या आधी काका एक वाक्य पूर्ण करून घेत होते. तुमच्या शेवटच्या आजारपणातही ते रोज यायचे, खुर्ची ओढून बसायचे. "काय भाऊ, एकशे सतरा बरा आहे ना?" तुम्ही डोळे मिटूनच म्हणायचे, "तुले विचारत होता." मी पायथ्याशी उभी. तेव्हा सांगता आलं असतं. काका होते, तुम्ही होता, मी होते, लागणारे सगळे होते. पण तुम्ही त्या दिवशी जरा हसला होता, आणि मला वाटलं, उद्या सांगू.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. भिंतीपलीकडचे काकाही आता नाहीत. नाहीतर त्यांना वाचून दाखवलं असतं आणि त्यांनी अख्खी कॉलनी जमवली असती. तरी लिहून ठेवते. एकशे सतराचा बिल्ला मी डाव्या हेल्मेटात टाकला नव्हता. तो उजव्यात टाकला. त्या हिवाळ्यात इंग्रजी कॉमेंटरी सांगता सांगता, तो माणूस मैदानात कसा चालत येतो हे तुमच्यासाठी मराठीत आणता आणता, मी कधीच त्यांच्या बाजूला गेले होते. तुम्ही जिंकला होता, बाबा. अडतीस विरुद्ध सदतीस. तुमच्यासाठी केलं असं तुम्ही समजलात आणि त्याच समजुतीवर इतकी वर्षं हसत बोलणी खाल्लीत, म्हणून मला ती मोडवेना. तुमचा कोरा बिल्ला समोर आहे. उघड टाक म्हणाला होता. तर उघड सांगते, आजही तो उजव्याच हेल्मेटात पडेल.